तारेखालचं लाल फडकं

माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. घरात सगळ्यांना माहीत आहे, साइटवरही माहीत आहे. अठरा वर्षं मी पोकलेन चालवतोय. साखळीवर चालणारं, लांब हाताचं खोदाईचं मशीन ते. भिवंडीच्या आजूबाजूला जिथं म्हणून गोडाउन उभं राहिलंय, तिथं पाया खणायला असलं एखादं मशीन आधी येऊन गेलेलं असतं. दिवसभर त्या केबिनमध्ये भाजत, कंबर मोडून घेत बसल्यावर माणूस गोड कुठून बोलणार, असं माझं म्हणणं. बायको म्हणते, केबिनमध्ये चढायच्या आधीपण तुम्ही असेच होतात.

बाबांचं तसं नाही. ते दिघाशीहून भिवंडीत आले ते लूमवर राहिले, कापडाच्या कारखान्यात. गावाकडं शेत होतं, पण भाताचं, चार महिन्यांचं. बाकीचं वर्ष लूमचं, दिवसपाळी नाहीतर रातपाळी. एका छपराखाली पंचवीस-तीस लूम सुरू असले की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला कळत नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला, कांडीवरचं सूत संपलं, मालक आला, चहा आला, सगळ्याला खूण ठरलेली. बाबा ती हातांची बोली घरी घेऊन आले आणि कान मात्र कारखान्यात ठेवून आले. पन्नाशीला निम्मं ऐकू येईना, साठीनंतर जवळजवळ काहीच नाही.

आमच्याकडं त्यामुळं जेवताना सगळी बोलणी हातांची. मीठ कमी पडलंय, अजून एक भाकरी वाढ, पोरीची फी भरली का, सगळं. आई-बाबांचं भांडणसुद्धा हातांनीच व्हायचं, आणि ते रंगात आलं की वाढायचं राहून जायचं, कारण आईचे दोन्ही हात गुंतलेले. मी आणि बहीण पोट धरून हसायचो. मग दोघं मिळून आम्हालाच झापायचे, तेही हातांनी.

त्या खुणांमधली एक खूण सगळ्यांत जुनी. लग्न नवीन होतं तेव्हा आई दुपारचा डबा घेऊन कारखान्याच्या दारात जायची. आत जायची सोय नव्हती. चालत्या लूममधून कधीकधी आडवा धागा नेणारा धोटा उडतो. लाकडाचा असतो, टोकाला लोखंड, आणि उडाला की समोर कोण आहे ते बघत नाही. त्यात एकाचा डोळा गेलेला बाबांनी स्वतः पाहिला होता. म्हणून आई दारात दिसली रे दिसली की बाबा लांबूनच तळहात छातीवर दोनदा आपटायचे आणि मग तोच हात पुढं करून हवेत खाली दाबायचे. मी बरा हाय. आत येऊ नको. तिथंच बस. आई डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसायची, बाबांचे लूम थांबेपर्यंत.

पुढं ती खूण घराचीच झाली. बहीण सासरी जाताना रिक्षातून तिनं तीच केली आणि आई पायरीवर बसून रडली. मी कामावर निघालो की गल्लीच्या तोंडाशी वळून तीच करायचो. आई हातातलं काम सोडून पायरीवर टेकायची, मी दिसेनासा होईपर्यंत.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर बाबा नुसते बसून राहायला लागले. सून बोलायची, नात बोलायची, पण हातांनी तितक्याच वेगानं उलट उत्तर देणारं माणूस गेलं होतं. कानातलं मशीन आणून दिलं, तर चार दिवस घालून डबीत ठेवून दिलं. म्हणाले, "त्यात पन लूमच वाजतो." मी वैतागलो, पैसे गेले म्हणून नाही, त्यांचं ते भिंतीकडं बघत बसणं मला बघवत नव्हतं म्हणून. शेवटी एक दिवस सकाळी त्यांची चप्पल दारात सरळ करून ठेवली आणि म्हटलं, चला माझ्याबरोबर.

साइट अंजूरला होती, खाडीच्या अंगाला. भाताची खाचरं बुजवून गोडाउनसाठी जागा केलेली, आणि तिच्या एका कोपऱ्यावरून विजेची मोठी लाइन गेलेली. उघड्या तीन तारा. लोकांना वाटतं, तारेला टेकलं तरच मरण. टेकायची गरज नसते. मशीनचा हात, म्हणजे बूम, पुरेसा जवळ गेला की वीज मधलं अंतर ओलांडून येते. म्हणून आम्ही तारेच्या बऱ्याच अलीकडं दोन बांबू रोवून मध्ये दोरी बांधली होती आणि दोरीला चिंध्या. बूम त्या दोरीच्या पलीकडं न्यायची नाही, हा नियम. पण केबिनमध्ये बसलेल्याची नजर असते बकेटमधल्या मातीवर. वरची तार आभाळात दिसतच नाही, दिसली तरी किती लांब आहे ते कळत नाही. त्यामुळं खाली एक माणूस लागतो. त्यानं दुसरं काही करायचं नाही, फक्त तार आणि बूम यांच्यातल्या जागेकडं बघायचं, आणि जागा कमी व्हायला लागली की लाल फडकं आडवं धरायचं. फडकं आडवं म्हणजे थांब, खाली सोडलं म्हणजे चालू दे.

ते काम मी बाबांना मिळवून दिलं. साइटची इंजिनिअर तरुण मुलगी, कामाला पक्की. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, राग मानू नका, पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांना सिग्नलला कसं उभं करायचं?"

मी राग मानला. "मॅडम, इंजिन चालू असताना मला तरी काय ऐकू येतं? इथं कानाचं काम काय? सहा लूमचे धागे एका वेळी डोळ्यानं सांभाळलेला माणूस हाय तो. हजार धाग्यांतला एक तुटला तरी त्याला दिसायचा. त्याला तुमच्या तीन तारा दिसणार न्हाईत?"

ती म्हणाली, आठ दिवस बघू. आठ दिवसांनी तिनंच बाबांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणि मोठी छत्री पाठवली. बाबांनी छत्री घेतली. खुर्चीवर डबा ठेवला आणि स्वतः उभे राहिले. संध्याकाळी घरी येताना रिक्षात ते मला हातांनी दिवसभराच्या माझ्या चुका सांगायचे. बकेट उगाच उंच नेतोस. वळताना घाई करतोस. मी मान हलवत राहायचो. त्या दिवसांत ते पुन्हा पोटभर जेवायला लागले होते, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

मग नाल्याचं काम आलं. नाला नेमका त्या कोपऱ्यातून, तारेच्या खालून जायचा होता. तिथं काम करायचं तर लाइन बंद करूनच. वीज कंपनीचा लाइनमन येणार, लाइन बंद करणार, तिला जमिनीशी जोडून ठेवणार, म्हणजे चुकून कुणी पलीकडून चालू केली तरी वीज जमिनीत जाईल, आणि मग तसा कागद लिहून हातात देणार. इंजिनिअर मॅडमनं बाबांना हे कागदावर चित्र काढून समजावलं. बाबांनी चित्र घडी करून खिशात ठेवलं आणि मला मोठ्यानं म्हणाले, "कागद हातात आल्याबिगर फडकं खाली येनार न्हाय. तू कितीबी नाच."

त्या दिवशी लाइनमन बारा ते एकच्या मध्ये येणार होता. मशीन कोपऱ्यात आणून उभं केलं, बांबू काढून ठेवले, बाबा पन्नास-साठ पावलांवर फडकं आडवं धरून उभे. साडेबारा झाले. ऊन डोक्यावर. मागं डंपर उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. इंजिनिअर मॅडम गेटपाशी फोनवर. बारा दिवस मी सुट्टी घेतली नव्हती, डोकं आधीच तापलेलं.

आणि तेवढ्यात मागच्या बाजूचे लूम थांबले.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. भिवंडीत लाइट आहे की गेली हे आम्ही कानानं ओळखतो. बटण दाबून कुणी बघत नाही. लूम वाजतोय म्हणजे लाइट आहे, लूम थांबला म्हणजे गेली. झोपेतसुद्धा कळतं, आवाज बंद झाला की जाग येते आणि माणूस पंख्याकडं बघतो. लहानपणापासूनची सवय. आमच्या साइटच्या मागं लूमचे चार-पाच कारखाने होते, सकाळपासून खटखट सुरू होती, आणि ती एकदम बंद पडली. इंजिन मी गरम होऊ नये म्हणून बंद ठेवलेलं, त्यामुळं ती शांतता मला स्वच्छ ऐकू आली. म्हटलं, झालं. लाइन बंद केली त्यानं. आता कागद यायचा तेवढा राहिलाय.

इंजिन चालू केलं. बाबांनी फडकं ताणून धरलं. मी काचेतून खूण केली, लाइट गेली. त्यांनी दोन बोटांनी चौकोन काढला, कागद. मी कानाला हात लावला, लूम बंद पडले म्हणून. त्यांनी मान हलवली. कागद.

त्या क्षणी माझ्या मनात एक वाक्य आलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. बहिऱ्याला काय कळतंय, असं ते वाक्य होतं. ज्या गोष्टीवरून मी इंजिनिअर मुलीशी भांडलो होतो, तीच गोष्ट मी स्वतः, मनात, त्याहून वाईट शब्दांत बोललो. आणि बूम उचलली.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. एकदाच, छातीत बसेल असा दणका. निळसर उजेड, मग जळका वास. बूमच्या टोकाला बकेटच्या सांध्यात तार अडकलेली दिसली. बूम हलवली असती तर तार तुटून खाली आली असती. अठरा वर्षांत शिकवलेलं तेवढं डोक्यात राहिलं होतं. उतरायचं नाही. सीटवरून हलायचं नाही, दाराला हात लावायचा नाही. केबिनमध्ये आहे तोवर मी वाचलेला आहे. मशीन पेटलं तरच उडी, तीही दोन्ही पाय जुळवून, मशीनला न शिवता. दणका बसून लाइन गेली असं वाटलं तरी विश्वास ठेवायचा नाही, कारण सबस्टेशनवर बसलेला माणूस साधा फॉल्ट समजून पुन्हा चालू करून बघू शकतो.

म्हणजे माझं मी सांभाळलं होतं. खाली बघितलं तर बाबा फडकं टाकून माझ्याकडं धावत येत होते.

सत्तरीला टेकलेला माणूस, चिखलातून, दोन्ही हात पुढं करून. मला केबिनमधून ओढून काढायला. त्यांनी मशीनला हात लावला असता तर जागेवर गेले असते. हात लावायचीही गरज नव्हती, तसल्या वेळी आजूबाजूची जमीनसुद्धा पायातून धरते. मी ओरडलो. बाबा, नका येऊ. घसा फाटेपर्यंत ओरडलो. कोणाला ओरडत होतो मी? मागचे डंपरवाले थांबले, गेटवरची मॅडम थांबली. ज्यानं थांबायला हवं होतं तो एकटाच येत राहिला.

मी दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. साइटवरची थांब-ची खूण. रोज फडकं धरून तेच मला करायचे ती. त्यांनी बघितली आणि तरी आले. पोरगं जळतंय असं वाटलेला बाप सिग्नलमन राहत नाही.

मग माझा हात आपोआप छातीवर गेला. दोनदा आपटला. आणि पुढं होऊन हवेत खाली दाबला.

मी बरा हाय. आत येऊ नको. तिथंच बस.

बाबा थांबले. एक पाय पुढं टाकलेला, तसेच. मी पुन्हा केली, पुन्हा, किती वेळा केली ठाऊक नाही. त्यांची छाती वरखाली होत होती, तोंड उघडं होतं. मग ते हळूच गुडघ्यातून वाकले आणि तिथंच चिखलात बसले. मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर. आई डबा घेऊन बसायची तसे. अजून वीसेक पावलं आले असते तर आज हे मी लिहीत नसतो.

मला रडू फुटलं. कामाच्या ठिकाणी पहिल्यांदाच. बायकोनं आणून दिलेला गमछा गळ्यात होता, त्यानं डोळेही पुसले नाहीत, बाबांवरची नजर हटू नये म्हणून.

खिशातला फोन काढून मी मॅडमना लावला. सांगितलं, लाइन बंद करून घ्या, कुणाला जवळ येऊ देऊ नका, बाबा बसलेत तिथंच बसू देत, त्यांना उठवायला कुणी जाऊ नका. तिनं सगळं धडाधड केलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो, मी वर, ते खाली. त्यांनी एकदाही नजर हलवली नाही. मध्येच मी खूण केली, ऊन लागतंय, छत्री घ्या. त्यांनी हात झटकला. गप बस.

दीड वाजून गेला असेल. आणि मागं खट, खट, मग एकदम सगळे लूम सुरू झाले.

आधी कळेना. मग कळलं. तो शुक्रवार होता. लूम लाइट गेल्यामुळं थांबलेच नव्हते. माणसं जुम्म्याच्या नमाजाला गेली होती आणि आता परत आली होती. त्यांच्याकडची वीज क्षणभरही गेली नव्हती, आणि मी बूम उचलली तेव्हा आमच्या वरच्या तारेतलीही नव्हती. भिवंडीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला शुक्रवार दुपार विसरायला होते, हे सांगताना अजून मान खाली जाते.

लाइनमन आला. त्यानं लाइन बंद असल्याची खात्री केली, तारा जमिनीशी जोडल्या, कागद लिहिला. मॅडम तो कागद घेऊन माझ्याकडं निघाली तर बाबांनी बसल्या जागेवरून हात पुढं केला. तिनं कागद त्यांच्या हातात दिला. बाबांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यांनी तो सगळा वाचला, ओठ हलवत, वरपासून खालच्या सहीपर्यंत. सगळे उभे राहिले. मग ते उठले, चिखलातलं फडकं उचललं, झटकलं, घडी केली, खिशात घातलं, आणि मला बोलावलं. ये.

मी उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. मला वाटलं, आता कानाखाली बसणार, आणि बसायलाच हवी होती. बाबांनी त्यांचा तळहात माझ्या छातीवर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. कान नसल्यापासून ते लूमवर असंच करायचे, यंत्र नीट चालतंय की नाही ते हात ठेवून बघायचे. माझी धडधड त्यांच्या हाताला लागत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "चालू हाय."

रिक्षात मी त्यांना हातांनी सांगितलं, लूम बंद झाले म्हणून मला वाटलं लाइट गेली. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा लहान झालो. "येड्या," ते म्हणाले, रिक्षातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "आज जुम्मा हाय ना." शेजारचा माणूस हसला. बाबाही हसले. मग त्यांनी माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

मॅडमनं मला महिनाभर मशीनवर चढू दिलं नाही. बरोबर केलं. दुसरा ऑपरेटर आला. मला वाटलं होतं बाबा माझ्याबरोबर घरी बसतील, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी डबा घेऊन तयार. म्हणाले, "त्या पोराला कोन बघनार?" मी म्हटलं, बाबा, आता बास झालं. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं नाही असं त्यांनी ठरवलं.

मनात आलेलं ते वाक्य त्यांना सांगून टाकावं असं मला फार वाटत होतं. पण त्याला हातांची खूण नाही आमच्याकडं, आणि तोंडानं सांगून त्यांना कळणार नव्हतं. मी दारापर्यंत गेलो. ते गल्लीच्या तोंडाशी पोचले, वळले, डबा एका हातात घेतला, आणि मोकळा तळहात छातीवर दोनदा आपटून माझ्याकडं बघत खाली दाबला.

मी पायरीवर बसलो. ते वळणाआड गेले, त्यांची रिक्षाही निघून गेली असेल, तरी मी बसून होतो.